एकट्याच्या ताटातली डाळ कापू नका

आहारतज्ज्ञ म्हणून रत्नागिरीत काम करताना दोन प्रकारची माणसं माझ्यासमोर सतत येतात. एक, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी खोली घेऊन राहिलेली तरुण मुलं. दुसरी, मुलं मुंबईला गेल्यामुळे गावच्या घरात एकटी उरलेली वडीलधारी माणसं. दोघांचे पैसे मोजके आणि दोघांची पत्रंही जवळपास सारखीच. पैसे कमी पडले की दोघंही आधी डाळ, कडधान्य, अंडं आणि मासळी कमी करतात. चहा, बिस्किटं आणि वडापाव मात्र सुरूच राहतात. या वेळची उत्तरं त्यामुळे एकत्रच देते.

प्रश्न : महिन्याचे पैसे मोजून मिळतात. दोन्ही वेळचा डबा परवडत नाही. खोलीत एकच शेगडी आहे. डबा बंद करून सगळं स्वतःच करावं का? (नर्सिंगची विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : सगळं बंद करू नका. ड्यूटी आणि अभ्यास सांभाळून दोन्ही वेळा रांधायचं ठरवलंत तर आठवडाभरात तुम्ही चहा-बिस्किटावर याल. दुपारचा डबा ठेवा, रात्रीचं स्वतः करा. डबेवाल्या मावशींशी मात्र मोकळेपणानं बोला. चारऐवजी तीन पोळ्या द्या आणि उसळ थोडी जास्त घाला, असं सांगितलं तर बहुतेक जणी ऐकतात. डब्यातलं वरण पाण्यासारखं पातळ असेल, तर त्यातून पोटात डाळ फारशी जातच नाही.

रात्री लहान कुकरमध्ये मुगाची खिचडी आणि सोबत एक उकडलेलं अंडं, एवढं पुरे. मूग सकाळी भिजत घालून रात्री उपसले, तर आपल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात. मोड आलेले मूग कच्चे खाऊ नका, वाफवून घ्या. दोन वडापावांच्या पैशात पाव किलो मूग येतात आणि त्यात पन्नासहून जास्त ग्रॅम प्रथिनं असतात. पाळी जास्त जात असेल किंवा चक्कर येत असेल, तर तुमच्याच रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या. नर्सिंगच्या मुलीच हे टाळतात, हे मी पाहते आहे.

प्रश्न : भाड्याच्या खोलीत गॅसचं कनेक्शन मिळत नाही. (खासगी कंपनीतला कामगार, खेड)

उत्तर : ओळखपत्रावर ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, गॅस एजन्सीत विचारा.

प्रश्न : रेशनच्या तांदळात प्लॅस्टिकचे दाणे असतात. पाण्यात टाकले की तरंगतात. मोबाइलवर व्हिडिओही आला आहे. फुकट मिळाला तरी तो खावा का? (वाचक, राजापूर)

उत्तर : ते प्लॅस्टिक नाही. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यापैकी कुणी एकदा तरी दुकानदाराला किंवा आरोग्य सेविकेला विचारलं असतं, तर घराघरातून हे दाणे वेचून उकिरड्यावर गेले नसते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात. शंभर साध्या दाण्यांमागे असा साधारण एक दाणा मिसळला जातो. त्याचा रंग आणि वजन थोडं वेगळं असतं, म्हणून तो कधी तरंगतो. तो वेचून टाकणं म्हणजे भातातला सर्वांत पौष्टिक दाणा टाकणं.

भात वेळून काढत असाल, तर निथळलेली पेज ओतून देऊ नका, त्यात जीवनसत्त्वं उतरलेली असतात. घरात कुणाला थॅलेसिमिया किंवा सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल, तर मात्र हा तांदूळ किती चालेल ते आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : रेशन कार्ड परभणीकडच्या गावी आहे, नोकरी चिपळूणला. तांदूळ विकतच घ्यावा लागतो का? (वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत तुमच्या वाट्याचं धान्य इथल्या रास्त भाव दुकानात मिळू शकतं आणि घरच्यांचं गावी मिळत राहतं. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य आहे आणि सध्या ते मोफत आहे. कार्डाला आधार जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं हवं. दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत जा.

प्रश्न : एकट्यासाठी थोडा थोडा भात लावायला कंटाळा येतो. रात्री जास्त लावून सकाळी परतून खाल्ला तर चालेल का? फ्रिज नाही. (बँक कर्मचारी, मालवण)

उत्तर : फ्रिज नसेल तर नको. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीज जिवंत राहतात, आणि आपल्या उकाड्यात कुकरचं झाकण लावून ठेवलेला भात त्यांना फार मानवतो. त्यांनी तयार केलेलं विष परतल्यानंही जात नाही. ‘आमच्या आजोबांनी जन्मभर शिळा भात खाल्ला’ हे मी रोज ऐकते, पण त्यावर विसंबून पोट बिघडवून घेऊ नका. एका वेळेपुरताच तांदूळ धुवा. पुढे कधी फ्रिज घेतलात, तर उरलेला भात पसरट ताटात काढून लगेच गार करा आणि तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएस घ्या. लघवी कमी झाली, रक्त पडलं किंवा ताप चढला, तर दवाखाना गाठा.

प्रश्न : माझं वय ६८. मालक वारले, मुलगा-सून मुंबईला. एकटीसाठी काय रांधायचं? सकाळी पेज नि लोणचं, दुपारी भात नि कोकमाचं सार, रात्री चहा नि बेकरीतलं बटर. मुलगा गणपतीला आणि मे महिन्यात येतो तेव्हा मासे होतात. हल्ली घाटी चढताना पाय भरून येतात, थकवा असतो. शेजारीण म्हणते वय झालं. मुलानं ताकदीची पावडर आणून दिली आहे. (गुहागर तालुका)

उत्तर : काकी, तुमच्यासारखी पत्रं मला सर्वांत जास्त येतात, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते. शेजारणीचं ऐकू नका. ‘वय झालं’ म्हणून घरी बसून राहिल्यानं किती तरी बायांचं निदान वर्ष-वर्ष लांबतं.

आधी तुमच्या दिवसाचा हिशेब मांडू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचं वजन ५० किलो धरलं, तर रोज सुमारे ४२ ग्रॅम. पेज आणि भात मिळून दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ होत असेल, तर त्यातून जेमतेम १४-१५ ग्रॅम मिळतात. चहातलं दूध आणि बटर धरून आणखी चार-पाच. म्हणजे रोज गरजेच्या निम्म्याच्या आसपास. पोट भरलेलं वाटतं, पण स्नायूंना लागणारं मिळत नाही, मग ते झिजतात. मांड्यांची ताकद जाते, उठताना हात टेकावा लागतो आणि एखाद्या पावसात अंगणातल्या शेवाळावर पाय सरकला की खुब्याचं हाड मोडतं. एकट्या राहणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही.

आता हे भरून काढायला किती खर्च आहे ते बघा. कुळथाचं पीठ तुमच्या घरात असेलच, त्याची पिठी करा. फुलपात्रभर पाण्याला लसूण, मिरची आणि कांद्याची फोडणी द्या, दोन आमसुलं टाका. आधण आलं की पाव वाटी पीठ गार पाण्यात सारखं करून ओता आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहा. कडेनं बुडबुडे फुटू लागले, पिठी डावाला धरू लागली आणि कच्चा वास गेला की झालं. दहा मिनिटांचं काम आहे. त्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. एक अंडं सहा ग्रॅम. पेलाभर दूध किंवा तेवढ्याचं दही सहा ग्रॅम. मूठभर भाजलेले शेंगदाणे सात ग्रॅम, दात नसतील तर कूट करून. तुमच्या भातात एवढं मिसळलं की ४० च्या पुढे गेलात. अंडं खात नसाल, तर त्या जागी मुगाची किंवा चवळीची उसळ करा. पावसाळ्यात अंगणात उगवणारा टाकळा आणि शेवग्याचा पाला फुकटचा आहे, पण ओळखीचाच घ्या. सकाळच्या पेजेऐवजी चार दिवस नाचणीची आंबील करा, हाडांना लागणारं कॅल्शियम तिच्यात तांदळापेक्षा कितीतरी जास्त असतं.

रात्रीचा चहा-बटर आजपासून बंद. ही सवय माझ्या डोळ्यांत फार खुपते. ‘एकटीसाठी कशाला चूल पेटवायची’ म्हणून रात्रीचं जेवण सुटतं आणि एकदा सुटलं की भूकच मंदावते. दुपारीच दोन वेळची पिठी करू नका, दमट हवेत ती आंबते. रात्री दुधात कालवलेला ताजा भात खाल्लात तरी चालेल, पण जेवा. चहा जेवणाला लागून घेऊ नका, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवा आणि जेवताना लिंबू पिळा.

त्या पावडरीचा डबा हातात घ्या आणि मागचे बारीक अक्षरातले घटक कुणाकडून तरी वाचून घ्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापणं बंधनकारक आहे. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर ती ताकदीची पावडर नव्हे, महागडी साखर आहे. पुढे धावणारा मुलगा आणि मागे हसणारे आजी-आजोबा छापून कंपन्या चाकरमान्यांच्या मायेवर धंदा करतात, याचा मला मनापासून राग येतो. मुलाला सांगा, त्या पैशात महिनाभराची अंडी आणि शेंगदाणे येतील.

आणि या सगळ्याआधी तपासणी. नुसत्या आहारानं थकवा जाईल असं मी पत्रावरून सांगणार नाही. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. तुमच्या वयातही ते असतंच, आणि या वयात त्याचं कारण शोधावं लागतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या आणून गिळू नका. साखर, रक्तदाब, थायरॉइड, बी-१२ आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही बघून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मूत्रपिंडाचा त्रास निघाला, तर वर सांगितलेली प्रथिनं डॉक्टरांच्या सल्ल्यानंच वाढवायची. घाटी चढताना धाप लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा छातीत दडपण येत असेल, तर मुलगा यायची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

प्रश्न : कुळथाच्या कढणानं मुतखडा विरघळतो ना? मग डॉक्टरचा खर्च वाचेल. (वाचक, देवगड)

उत्तर : कढण अन्न म्हणून प्या, पण खडा किती मोठा आणि कुठे अडकला आहे हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही, आधी ती करा.

प्रश्न : जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा रोज सुकी मासळी खाल्ली तर? रक्तदाबाची गोळी चालू आहे. (निवृत्त शिक्षक, दापोली)

उत्तर : सुकी मासळी हा स्वस्त आणि उत्तम आहार आहे, पण सगळी सुकी मासळी एकसारखी नसते. खारा बांगडा मिठात मुरवलेला असतो, तो तुम्ही रोज खाऊ नये. मीठ न लावता उन्हात वाळवलेला जवळा, सोडे किंवा बोंबील घ्या आणि विकत घेताना मीठ लावलं आहे का ते विचारून घ्या. जवळा चाळून वाळू काढा, दोनदा धुवा, मग कांद्यावर परता. वरून मीठ नको. मळभाच्या दिवसांत बुरशीचा वास आला तर टाकून द्या. किती दिवसांनी खावी ते तुमचा रक्तदाब पाहणारे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : दुपारी उशिरा बाजारात गेलं की बांगडा निम्म्या भावात मिळतो. तळून खाल्ला तर काय बिघडतं? (महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : बिघडू शकतं. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाशिवाय पडून राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते तळून जात नाही आणि वासावरून नेहमी कळतही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, धडधडतं. असं झालं तर लगेच डॉक्टरकडे जा, आणि मासा कधी, किती खाल्ला ते सांगा. स्वस्त हवं असेल तर मिरकरवाडा बंदरावर सकाळी लवकर जा आणि मांदेलीचा वाटा दोन मित्रांत वाटून घ्या.

प्रश्न : पावसात रानात उगवणारी अळंबी फुकट मिळते, खावी का? (वाचक, संगमेश्वर)

उत्तर : स्वतः ओळखून तोडलेली अजिबात नाही. विषारी अळंबी यकृत निकामी करते.

प्रश्न : वय २४. लोटे औद्योगिक वसाहतीत नोकरी, खोलीत एकटा. चार महिन्यांत सहा किलो वजन उतरलं. जिमवाल्यानं प्रोटीन पावडर आणि वजन वाढवायचं चूर्ण सुचवलं आहे. थोडा खोकला आहे, पण तो धुळीचा असावा. (वाचक, खेड)

उत्तर : पावडर आणि चूर्ण दोन्ही घेऊ नका. प्रयत्न न करता सहा किलो वजन उतरणं ही जेवणाची तक्रार म्हणून मी धरणार नाही. वजन वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्यानं तोंड सुजतं, भूक लागते आणि आतला आजार झाकला जातो.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, संध्याकाळी कणकण येत असेल किंवा रात्री घाम येत असेल, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यायलाच हवी. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. सोबत रक्तातली साखर आणि थायरॉइड पाहा. या वयातही मधुमेहानं वजन उतरतं. धुळीचा खोकला आहे की नाही हे छातीचा एक्स-रे पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. सुट्टीच्या दिवसाची वाट बघत महिना घालवू नका, कामाची पाळी बदलून या आठवड्यातच जा.

तोवर जेवण असं ठेवा : सकाळी दोन अंडी आणि भाकरी, दुपारी कँटीनचा भात-डाळ, डाळ दोनदा मागून. रात्री खिचडीत मूठभर सोयाबीनच्या वड्या टाका. क्षयरोगाचं निदान झालंच, तर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून दरमहा १,००० रुपये खात्यात जमा होतात. नाव नोंदवायला जाताना आधार आणि बँकेचं पासबुक सोबत न्या.