ड्रॉचा वाद सोडा, नोटिशीचे पंधरा दिवस मोजा

पत्रलेखक चाकणजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतात. बॉक्सिंगच्या लढतींवर मोबाइलवरून पैसे लावायला ते नव्याने शिकले. ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे त्यांनी सही केलेला कोरा चेक ठेवला होता. 1 मार्च 2025 ला ब्रुकलिनमध्ये झालेल्या जर्व्होंटा डेव्हिस आणि लॅमाँट रोच यांच्या लढतीत त्यांनी डेव्हिसवर उधारीत 1,80,000 रुपये लावले. लढत बरोबरीत सुटली. आयडीवाला म्हणतो, पैसे गेले. पत्रलेखक म्हणतात, ड्रॉ झाला की लावलेले पैसे परत मिळतात. पुढे त्या माणसाने चेकवर रक्कम आणि तारीख टाकून तो बँकेत भरला, चेक परत गेला आणि वकिलाची नोटीस आली. त्यांचा प्रश्न एवढाच आहे: “ड्रॉमध्ये डाव रद्द होतो, हे कोर्टात सिद्ध केलं तर मी सुटेन का?”

नाही. तुमची सुटका त्या मुद्द्यावर अवलंबून नाही. तुमचं चार पानांचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातली साडेतीन पानं ड्रॉच्या नियमावर आहेत आणि नोटीस कधी मिळाली हे शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. नोटीस 3 तारखेला हाती आली, पत्र 12 तारखेला लिहिलंत. नऊ दिवस गेले, सहा उरले. अशी पत्रं मला दर महिन्याला येतात, खेळ तेवढा बदलतो, आणि जवळजवळ प्रत्येकात तारीख अशीच कुठेतरी तळाशी असते.

ड्रॉचं आधी आटोपतो. बॉक्सिंगमध्ये भाव दोन पद्धतींनी निघतात. एकीत फक्त दोन मुष्टियोद्धे असतात आणि बरोबरी झाली तर पैसे परत. दुसरीत ड्रॉ हाच तिसरा पर्याय असतो, त्याला स्वतंत्र भाव असतो, आणि लढत बरोबरीत सुटली तर दोन्ही खेळाडूंवर लावलेले पैसे जातात. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर ड्रॉचा भाव वेगळा दिसतो आहे, म्हणजे तुमचा डाव बहुधा दुसऱ्या प्रकारचा होता. एका जजने 115-113 असा डेव्हिसच्या बाजूने कौल दिला, बाकी दोघांनी 114-114. नवव्या फेरीत डेव्हिस स्वतःहून गुडघ्यावर बसला, ते पंचांनी नॉकडाउन धरलं नाही, याबद्दल तुम्ही पोटतिडकीने लिहिलं आहे. ते नॉकडाउन धरलं असतं तर रोच जिंकला असता आणि तुमचे पैसे तरीही गेले असते.

पत्रासोबत नवशिक्यांसाठीचं एक मार्गदर्शन जोडलं आहे. त्यातली माहिती चुकीची नाही, पण ती दुसऱ्या देशातल्या कोर्टांवर विसंबून लिहिलेली आहे. ब्रिटनमध्ये 2005 च्या कायद्याने पैजेचा करार 1 सप्टेंबर 2007 पासून कोर्टात वसूल करता येतो. तिथे परवानाधारक कंपनीशी ड्रॉच्या नियमावर भांडण्याला अर्थ आहे, आणि लेस्टरला किंवा लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाने मला हाच प्रश्न विचारला असता तर मी कंपनीची नियमावली मागवून घेतली असती. तुम्ही पुणे जिल्ह्यात आहात.

इथे भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 30 लागतं: पैजेचा करार निरर्थक, आणि पैजेत जिंकलेलं काहीही दाव्याने वसूल करता येत नाही. तुम्ही जिंकला असतात तरी कोर्टातून एक रुपया मिळाला नसता, आणि तो जिंकला असेल तर त्यालाही मिळू नये. पण सर्वस्वी कलम 30 वर विसंबू नका. घेरूलाल पारख खटल्यात 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैज निरर्थक असली तरी ती बेकायदा नाही, म्हणून पैजेला जोडून केलेले इतर व्यवहार टिकू शकतात. समोरचा नेमकी हीच वाट धरेल. तो म्हणेल, पैज माझ्याशी नव्हती, ती वरच्या बुकीशी होती. मी फक्त यांच्या वतीने पैसे भरले.

ही वाट जुन्या मुंबई इलाख्यात (पुणे त्यातलंच) 1865 च्या मुंबई कायदा क्रमांक 3 ने बंद केलेली आहे, आणि तुमचं सगळं प्रकरण या एका कायद्यावर उभं आहे. पैजेला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेले करार तर तो निरर्थक ठरवतोच, पण अशा करारांच्या पूर्ततेसाठी दिलेलं तारण आणि हमीही निरर्थक ठरवतो. दलाली किंवा पैजेपोटी भरलेली रक्कम मागण्याची सोयही त्यात ठेवलेली नाही. तुमचा कोरा चेक हे असंच तारण आहे. चेक न वटल्याचा गुन्हा ठरतो तो परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली, आणि त्यासाठी चेकमागे कायद्याने वसूल होण्याजोगं देणं असावं लागतं. देणं पैजेचं निघालं तर कलम 138 चा पायाच निखळतो.

अडचण आहे ती ‘निघालं तर’ या शब्दांत. नोटिशीत पैजेचं नावही नाही. तुमच्या नोटिशीतलं वाक्य मी अशा शेकडो नोटिशींत वाचलं आहे: “मैत्रीच्या संबंधातून घरगुती अडचणीसाठी हातउसने दिलेले.” चेकवरची सही तुमची आहे, तेवढ्यावर कलम 139 नुसार कोर्ट देणं आहे असं गृहीत धरून चालतं. ‘चेक कोरा होता’ हा बचाव एकट्याने टिकत नाही. स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही हे गृहीतक लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. ‘वीस हजारांपेक्षा जास्त रोख दिले म्हणून ते देणंच नाही’ हा मित्राने सुचवलेला मुद्दाही सोडा. तो सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याहून आलेल्या प्रकरणात निकालात काढला. गृहीतक मोडायचं काम तुमचं आहे. संशयाला जागाच राहू नये इतका पुरावा लागत नाही, तुमची गोष्ट अधिक संभवनीय वाटली तरी पुरते. पण गोष्टीला पुरावा हवा.

आणि इथे मला तुमचा राग येतो. आयडीवाल्याशी झालेलं व्हॉट्सॲप संभाषण तुम्ही ‘घरी कळू नये म्हणून’ पुसून टाकलंत. तो चेक तारण होता हे दाखवणारी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती. आता उरलेलं गोळा करा. दुसऱ्या फोनवर किंवा गूगलच्या खात्यात बॅकअप आहे का ते पाहा, पण जुना फोन रीसेट करू नका, विकू नका, दुरुस्तीला देऊ नका. त्या माणसाला आणि त्याने सांगितलेल्या खात्यांत यूपीआयने गेलेल्या रकमांचा बँक उतारा काढा, लढतींच्या तारखांच्या आसपासच्या नोंदींवर खूण करा. पत्रासोबतचे ते तीन स्क्रीनशॉट मूळ फोनमध्येच राहू द्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते तुमचे वकील करून घेतील.

आता ते सहा दिवस. कलम 138 प्रमाणे नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही तर फिर्यादीचं कारण घडतं, आणि मग समोरच्याला एक महिना मिळतो. उत्तर देणं कायद्याने सक्तीचं नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या रंगाप्पा निकालात आरोपीने नोटिशीला उत्तर दिलं नाही, ही गोष्ट त्याच्याविरुद्ध धरली गेली. पैजेची गोष्ट दोन वर्षांनी उलटतपासणीत पहिल्यांदा बाहेर आली तर ती बनावट वाटते; पंधरा दिवसांच्या आत लेखी गेली तर तिला वजन असतं. म्हणून 18 तारखेच्या आत स्पीड पोस्टाने उत्तर जायलाच हवं. त्यात ड्रॉ नको, डेव्हिसचा गुडघा नको. हातउसने पैसे घेतलेच नाहीत, चेक सट्ट्याच्या व्यवहारापोटी तारण म्हणून कोरा दिला होता, आणि कलम 30 व 1865 च्या कायद्याखाली ही रक्कम वसूल होण्याजोगी नाही, एवढं पुरे.

हे उत्तर स्वतः लिहू नका, कारण त्यात तुम्ही सट्टा खेळल्याचं मान्य करता. राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा, अड्ड्याची जागा डोळ्यांसमोर ठेवून केलेला. घरात बसून मोबाइलवर खेळणाऱ्याला तो कितपत लागतो हे वस्तुस्थितीवर ठरतं. धोका मला मोठा वाटत नाही, पण शब्द मोजून वापरावे लागतील. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्यातही शिक्षा पैसे लावणाऱ्याला ठेवलेली नाही, खेळ पुरवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे वळवणाऱ्याला ठेवली आहे. मात्र तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की दोन सहकाऱ्यांना तुम्हीच आयडी मिळवून दिलेत आणि त्याचे थोडे पैसेही मिळाले. ते खरं असेल तर तुम्ही नुसते खेळणारे राहत नाही. हे कधी झालं, कितीदा झालं, ते वकिलांना समोर बसून सांगा, मेसेजवर लिहू नका, आणि आजपासून बंद करा.

पैसे देऊन मोकळं व्हावं का, असं तुमच्या पत्नीने विचारलं आहे. पंधरा दिवसांत दिले तर फिर्याद टळते, पण ते पैसे कायद्याने परत मिळत नाहीत. आधी दिलेले चाळीस हजारही मिळतील असं मी सांगू शकत नाही. न देण्याची किंमतही जाणून घ्या: चेकच्या त्याच कायद्याचं कलम 143 सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न करा म्हणतं, आणि प्रत्यक्षात माझे अशील वर्षानुवर्षं तारखा घेत बसतात. प्रत्येक तारखेला एक दिवसाची रजा जाते. कलम 143अ खाली चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा हुकूमही होऊ शकतो, जरी तो आपोआप होत नाही. निर्दोष माणसाला ही फरफट सोसावी लागते, हे मला वीस वर्षं पाहूनही सहन होत नाही. तरीही माझं मत न देण्याच्या बाजूचं आहे, वरचा पुरावा हाती लागला तर. नाही लागला, तर तडजोडीचा विचार वकिलांसोबत करा.

वसुलीसाठी माणसं घरी येऊन गेली असं लिहिलं आहे. पुन्हा आली तर 112 वर फोन करा आणि धमकीची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. देणं खरं असो वा खोटं, धमकावण्याचा हक्क कोणाला नाही.

नोटीस ज्या पाकिटात आली ते टाकलं नसेल तर जपा. चेक परत गेल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस निघायला हवी होती, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत टपालाचा शिक्का अर्धाच दिसतो आहे. नोटिशीत चेक परत गेल्याची तारीख दिली आहे, तिच्याशी तो शिक्का ताडून पाहायचा आहे. मूळ पाकीट उद्याच वकिलांकडे घेऊन जा.