इंजिनाचा नंबरही टिपून ठेव

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले सगळे फोटो मोठे करून पाहिले. गाड्यांची, एसटीची आणि जुन्या इमारतींची तुझी ओढ खरी आहे, म्हणून कौतुक बाजूला ठेवून कामाचंच लिहितो.

तुझ्या लोकलच्या फोटोंत दारं-खिडक्या एका अंगाला कलल्यासारख्या दिसतात. मोबाइलचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही. तो वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, तेवढ्यात गाडी पुढे सरकते आणि उभ्या रेषा तिरप्या होतात. रुळांशी काटकोनात आणि जवळून फोटो घेतला की हा दोष सर्वांत जास्त दिसतो. त्यामुळे गाडीचं तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतील अशी तिरकी जागा धर. कॅमेरा असेल तर सायलेंट शटर बंद ठेव, तोही असाच ओळीओळीने वाचतो. मेकॅनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पडदा उघडणारं शटर वापर.

आता शटरचा हिशेब. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. शटर १/२५० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात ती ११ सेंटिमीटर सरकते, म्हणजे डब्यावरची अक्षरं पुसलीच. १/१००० ला तीन सेंटिमीटरच्या आत राहते. गाडी समोरून तुझ्याकडे येत असेल तर चित्रातली तिची हालचाल कमी असते, तेव्हा १/५०० पुरतं. इंजिनाचे दिवे थेट भिंगात येत असतील तर कॅमेरा फसतो आणि बाकी सगळं काळवंडतं. संध्याकाळी तर हटकून. तिथे एक्स्पोजर, म्हणजे चित्रात येणारा उजेड, थोडं वाढव, आणि दिवे अगदी तोंडाशी येण्याआधीच बटण दाब. फ्लॅश कधीही नको. लोको पायलटच्या डोळ्यांवर तो थेट जातो.

१/१००० ची एक अडचण आहे. लोकलच्या कपाळावरचा एलईडी इंडिकेटर डोळ्यांना सलग दिसतो, पण प्रत्यक्षात तो भराभर उघडझाप करत असतो. त्यामुळे वेगवान शटरला कल्याणचा ‘के’ अर्धाच येतो. तुझ्या दोन चांगल्या फोटोंत नेमकं हेच झालंय. गाडी थांबली की १/१०० किंवा त्याहून सावकाश शटरवर वेगळा फोटो घे. चालत्या गाडीचा एक, उभ्या गाडीचा एक, अशी जोडी ठेवायची. एलईडी पाटीच्या बसलाही हेच लागू.

घाट चढणारी गाडी टिपायची असेल तर कर्जतला जा. कर्जत-लोणावळा घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या लांब गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडतात. सगळे जण पुढच्या इंजिनाकडे धावतात. तू शेवटच्या डब्यापाशी उभा राहा. जोडणी, कपलिंग, हिरवा झेंडा, सगळं तिथेच दिसतं, आणि गाडी थांबलेली असल्यामुळे १/१२५ लाही काम भागतं. वंदे भारतला बँकर लागत नाही, कारण तिच्या मोटरा पुढच्या एका इंजिनात नसून डब्यांखाली वाटलेल्या असतात. अशी गोष्ट फोटोखाली लिहिलीस तर पाहणाऱ्याला चित्रात काय बघायचं ते कळतं.

पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो, पण कॅमेऱ्याचे हाल होतात. एसी डब्यातून थेट दमट हवेत उतरलास की भिंगावर बाष्प धरतं. उतरण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत ठेव आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच राहू दे. घरी सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेव, नाहीतर भिंगात बुरशी शिरते. ती एकदा शिरली की साफसफाईचा खर्च मोठा आणि खात्री काहीच नाही.

जिवाशी संबंध आहे तिथे मी कडक आहे. प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या मागेच राहायचं. रुळांत उतरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि त्यातली खरी किंमत दंडाची नसते. रुळांवरच्या विजेच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लागावाच लागतो असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. पुलावरून सेल्फी स्टिक, छत्री किंवा तिपाई तारेकडे पुढे करायची नाही. प्लॅटफॉर्म तिकीट खिशात असू दे. आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाने थांब म्हटलं तर हुज्जत न घालता थांब.

एसटीसाठी स्टँडच्या आत गर्दीत घुसू नकोस. बस वळण घेऊन बाहेर पडते त्या फाटकापाशी, रस्ता सोडून, दाराच्या बाजूला उभा राहा. वळणावर वेग कमी असतो, आणि पाटी, आगाराचं नाव, नंबर प्लेट एकाच चित्रात येतात. नंबरातही माहिती असते. महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधलेल्या गाड्यांत एमएच-१४ म्हणजे दापोडी, एमएच-२० म्हणजे चिकलठाणा, एमएच-४० म्हणजे हिंगणा. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तेव्हापासून गाड्यांची बांधणी कितीदा तरी बदलली आहे, आणि आज रोज दिसणारी लाल गाडीही हळूहळू रस्त्यावरून जाईल. बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. सजवलेल्या गाडीचे फोटो त्या दिवशी पुष्कळांनी काढले. पण एरवीच्या मंगळवारी वरच्या मजल्याच्या पुढच्या सीटवरून दिसणारा रस्ता, जिन्यावरून खाली वाकून घंटी मारणारा कंडक्टर, हे ज्याने काढून ठेवलं त्याचा संग्रह मला जास्त मोलाचा वाटतो.

इमारतींच्या बाबतीत सूर्य कुठे आहे हे आधी पाहा. सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, म्हणून दुपारी चारनंतर जा. सकाळी गेलास तर इमारत सावलीत आणि आकाश पांढरंफटक मिळेल. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही इमारत १८८७-८८ च्या सुमारास पूर्ण झाली, आणि समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. दोन्ही एकाच दिवशी काढ. घुमट, कमानी आणि नक्षीची तुलना करता येते.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा मात्र उत्तराभिमुख. थंडीत त्याच्यावर ऊन पडतच नाही, कारण सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यातही पाऊस सुरू होण्याआधीचे दिवस हाताशी धर. सकाळी सात-आठला ऊन दरवाजाला घासून जातं आणि हत्तीच्या धडकेविरुद्ध बसवलेल्या त्या खिळ्यांची प्रत्येकी एक लांब सावली पडते. बाकी वर्षभर ढगाळ दिवस बरा, सगळीकडे सारखा उजेड मिळतो.

तुझ्या इमारती मागे झुकल्यासारख्या दिसतात, कारण कॅमेरा वर तिरका धरतोस. तो सरळ ठेव, मागे सरक, खालचा रस्ता जास्त आला तरी येऊ दे, नंतर कापता येतो. समोरच्या इमारतीचा दुसरा मजला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्याही सोडू नकोस, फ्लेक्स आल्यापासून त्या झपाट्याने जात आहेत. तीन फोटो घे: पाटी समोरासमोर, दुकानासकट अख्खी इमारत, आणि पाटीचा कोपरा, जिथे बारीक अक्षरांत ‘पेंटर’ लिहून रंगवणाऱ्याचं नाव असतं. ऑइल पेंट चमकत असेल तर एक पाऊल बाजूला हो. दुकानदाराला आधी विचार. तो पाटी कोणत्या साली केली हेही सांगतो, ते लगेच लिहून घे.

लिहून घेण्याचा मी आग्रह धरतो, कारण ‘लोकल, मुंबई’ एवढंच लिहिलेला फोटो दहा वर्षांनी कोणाच्याच उपयोगी पडत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ महिन्यातून एकदा बरोबर कर. प्रत्येक फोटोला तारीख, स्टेशन, प्लॅटफॉर्म, गाडी कुठून कुठे जाते, इंजिनाचा नंबर आणि त्यावर लिहिलेलं शेडचं, म्हणजे इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाचं, नाव जोड. फाइलचं नाव तारखेने सुरू कर, वर्ष-महिना-दिवस, म्हणजे फोटो आपोआप क्रमाने लागतात. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या जागी. थोडा हललेला फोटो कार्डावरच पुसू नकोस. त्यात मागे दिसणारी जाहिरात किंवा जुना पादचारी पूल उद्या नसेल.

पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा फोटो म्हणून पाठवलास की आकार लहान होतो आणि शटर, वेळ, ठिकाण ही माहिती निघून जाते, मग काय चुकलं ते मला सांगता येत नाही.

तुझा,
काका