मुंबईतला कॉकटेल बार कसा पारखावा?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र आर्वी तालुक्यातले. कापसाचे चुकारे हाती आले की मुंबईला जाणार आहोत. चांगला कॉकटेल बार कसा ओळखायचा?

उत्तर : दिवे-सोफे नंतर, आधी बर्फ पाहा. मोठा, काचेसारखा खडा हळू विरघळतो. बारीक, ओला बर्फ पेयाचं पाणी करतो. पहिल्यांदा डायकिरी मागवा : 60 मिली रम, 25 मिली ताजा लिंबूरस, 20 मिली साखरपाक. यात खोट लपत नाही. बाटलीतला रस लगेच कळतो. शनिवारी टेबल आधी सांगून ठेवा, कपड्यांचा नियमही फोनवरच विचारा. दारातून परत पाठवतात ते बहुधा चपलेमुळे! वयाचा पुरावा हवाच, राज्यात 25 पूर्ण लागतात. येताना मात्र बाटली आणू नका. तुमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.