सहावी ते आठवीच्या मुलांसाठी राज्यस्तरीय अजिंक्यपद स्पर्धा असाव्यात का?

माझं मत विचाराल तर सातवीपर्यंत नकोत, आठवीपासून चालतील. त्याआधी जिल्ह्यापर्यंत थांबावं.

आमच्याकडे वडोदऱ्यात शालेय खेळांत १४ वर्षांखालचा गट असतो, शिवाय २०१० पासून गुजरात सरकारची खेल महाकुंभ ही स्पर्धाही आहे, म्हणजे राज्यापर्यंतची वाट या वयाला मोकळीच आहे. पण त्या गटाची शर्यत जवळून बघा. एकाच ओळीत एक मिसरूड फुटलेला, खांदे भरलेला, आणि शेजारी त्याच्या छातीला लागणारा, आवाजही न फुटलेला. कागदावर दोघंही तेराचे! निवड पहिल्याचीच होते, आणि दुसरा मैदानच सोडून देतो. दोन वर्षांनी उंची वाढल्यावर तो कदाचित पुढे गेला असता, पण तोवर तो ट्यूशनला बसलेला असतो. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे बाद फेरी. सोळा संघ आले तर आठ एकच सामना खेळून घरी. या वयाला सामने जास्त मिळायला हवेत, म्हणून जिल्ह्यातच साखळी सामने ठेवा. खो-खोला तर खर्चही फारसा नाही.

नॉर्वेत मुलं ज्या वर्षी तेराची होतात, त्याआधी त्यांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरवतच नाहीत, तरी ऑलिंपिकमध्ये तो देश मागे नाही.

जिम्नॅस्टिक्स, पोहणं यांचं गणित थोडं वेगळं, तिथे लवकर सुरुवात लागते. पण तिथेही वर्षभर एकच खेळ नको. गुडघे आणि टाचा वाढत्या वयातच दुखायला लागतात.