‘पडणे’ आणि जुनं इंग्रजी: ‘ड्रेओसन’ गेला कुठे?

प्रश्न असा आला आहे: जुन्या इंग्रजीतली ‘द वाँडरर’ ही कविता मराठीत आणताना एक ओळ अडली. ‘हे जग दिवसेंदिवस ड्रेओसेथ ओन्ड फेआलेथ’. दुसरा शब्द सरळ ‘फॉल’चा पूर्वज दिसतो, पण पहिलाही पडण्याचाच आहे म्हणतात. मग तो कुठे गेला? पडण्यासाठी असे आणखी शब्द इंग्रजीत होते का?

होते, आणि चांगले ठसठशीत होते. आपण पान गळतं म्हणतो, भिंत ढासळते, दरड कोसळते, दगड गडगडत जातो. हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजीही एकट्या ‘फॉल’वर भागवत नव्हतं.

‘ड्रेओसन’ म्हणजे पडणं, झडून नाहीसं होणं. क्रियापद मेलं, पण त्याचं एक अपत्य आजही आपल्या ओळखीचं आहे. या धातूच्या काही रूपांत ‘स’चा ‘र’ होई, जसा आजच्या इंग्रजीत ‘वॉज’चा ‘वेअर’ होतो किंवा ‘लूज’च्या (हरवणे, गमावणे) कुळातला ‘फरलॉर्न’ (एकाकी, टाकलेला) दिसतो. त्या ‘र’च्या रूपापासून ‘ड्रेओर’ हे नाम आलं. अर्थ, जखमेतून ठिबकणारं रक्त. त्यावरून ‘ड्रेओरिग’, म्हणजे रक्ताने माखलेला. रक्ताने माखलेला तो दुःखात बुडालेला, आणि पुढे झिजत झिजत नुसता उदास, कंटाळवाणा. हाच आजचा ‘ड्रिअरी’. पावसाळी दुपारीला आज सहज लावला जाणारा हा शब्द मुळात थेंब थेंब गळणाऱ्या रक्ताचा आहे, हे कळल्यापासून मला तो हलक्या हाताने वापरवत नाही.

तुमच्या कवितेतच हे दोन्ही टप्पे शेजारी आहेत, हे मुद्दाम पाहा. जग ‘ड्रेओसेथ’ म्हणणारा कवी पुढे वीस-एक ओळींवर मित्राला मातीत ठेवणाऱ्या माणसाला ‘ड्रेओरिगह्लेओर’ म्हणतो, म्हणजे शोकाने चेहरा उतरलेला. भाषांतरात हे नातं धरता आलं तर फार मोठी गोष्ट होईल.

दुसरा लोपलेला शब्द ‘ह्रेओसन’. तोही याच कवितेत आहे: एकाकी खलाशी जागा होतो तेव्हा समोर हिम आणि बर्फ गारांसकट ‘ह्रेओसन’ करत असतात. ही कविता ज्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे (इंग्लंडमधल्या एक्सेटरचा बिशप लिओफ्रिक याने ते तिथल्या कॅथेड्रलला दिलं, तो वारला 1072 मध्ये), त्यातच एका उद्ध्वस्त नगराचीही कविता आहे. तिथे छपरं ‘गेह्रोरेने’ आहेत, पडून गेलेली. ‘स’चा ‘र’ इथेही. बर्फालाही चालणारं आणि छपरालाही चालणारं क्रियापद मराठीत शोधायला जावं लागत नाही: पाऊस कोसळतो, घरही कोसळतं. ‘ह्रेओसन’ला मी डोळे मिटून ‘कोसळणे’ देईन.

काही शब्द जिवंत आहेत, पण त्यांचा जुना वापर गेला. ‘रुइन’ लॅटिनमधल्या ‘रुएरे’वरून आला, म्हणजे वेगाने पडणं, कोसळणं. इंग्रज कवी मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’ या 1667 च्या महाकाव्यात बंडखोर देवदूत स्वर्गातून खाली येतात तिथे ‘रुइनिंग’ हे शब्दशः ‘कोसळत’ याच अर्थाने वापरलं आहे. आज ‘रुइन’ म्हणजे नासाडी किंवा भग्नावशेष, पडण्याची हालचाल त्यातून गेली.

आणि ‘फॉल’ एके काळी सकर्मकही होता. शेक्सपिअरचा ऑथेल्लो बायकोच्या रडण्यावर संतापतो तेव्हा ‘ती फॉल करते तो प्रत्येक थेंब’ असं म्हणतो. आजच्या इंग्रजी कानाला हे खटकेल, आपल्याला नाही. अश्रू ढळतात, आपण ते ढाळतो. खरं तर इंग्रजीतही अशी प्रयोजक जोडी आहेच: ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘फेल’ (नापास होण्याचा नव्हे, झाड पाडण्याचा) म्हणजे पाडणे. (‘फॉल’चा भूतकाळही ‘फेल’ होतो, पण तो योगायोग.) आपण पडणेचा ‘अ’ लांबवून पाडणे करतो, त्यांच्याकडे स्वर बदलला तो मागून येणाऱ्या ‘य’सारख्या ध्वनीमुळे, आणि तो ध्वनी नंतर गळून गेला. ‘सिट-सेट’, ‘राइज-रेज’ याच घराण्यातले.

ऋतूचं नाव ‘फॉल’ अमेरिकन समजलं जातं. ते इंग्लंडातलंच, सोळाव्या शतकातल्या ‘फॉल ऑफ द लीफ’चं तोकडं रूप. म्हणजे शब्दाला शब्द, पानगळ. इंग्लंडने पुढे ‘ऑटम’ धरला आणि हा सोडला.

आता तुमची ओळ. ‘क्षय पावते आणि पडते’ नको. ‘क्षय’ हा विचारातून काढलेला शब्द आहे आणि ‘ड्रेओसन’ डोळ्यांना दिसणारा होता. दोन्ही क्रियापदं साधी, घरची, आणि पडण्याचीच हवीत. मी लिहीन: ‘हे जग रोज रोज झडतं, पडतं.’ पुढे तो शोकाकुल माणूस येईल तेव्हा त्याचा चेहरा ‘झडलेला’ म्हणून पाहा.