डॉट इनची कळ नेमकी कोणाच्या हाती?

अमेरिकेने मनात आणले तर संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या शेवटी येणारे भारताचे ‘डॉट इन’ एका रात्रीत बंद पाडता येईल का, असे आपण विचारले आहे. तांत्रिकदृष्ट्या तसे करता येण्याजोगे आहे. प्रत्यक्षात मात्र ते फार अवघड आहे, आणि आपल्या संकेतस्थळाला खरा धोका भलतीकडूनच संभवतो.

साऱ्या डोमेन नावांच्या, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या, मुळाशी ‘रूट झोन’ नावाची एक लहानशी फाइल असते. डॉट इनबद्दल तीत एवढेच लिहिलेले असते की पुढची चौकशी अमुक नेमसर्व्हरांकडे, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या संगणकांकडे, करावी. त्या ओळी साठवून ठेवण्याची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असते. त्यामुळे कोणी त्या पुसल्याच, तरी ज्या सर्व्हरांनी उत्तर आधीच साठवून ठेवले आहे ते मुदत संपेपर्यंत त्यावरच चालतात. फाइलमधील बदलांची छाननी कॅलिफोर्नियात नोंदणी झालेली आयकॅन ही ना-नफा संस्था करते, आणि ती फाइल १३ मूळ सर्व्हर-पत्त्यांवरून जगाला पुरवण्याचे काम १२ स्वतंत्र संस्था करतात. त्यांनी ती फाइल मानली, तरच तिला अर्थ आहे. जानेवारी १९९८ मध्ये, तेव्हा या नावव्यवस्थेचा कारभार पाहणारे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी एका ईमेलने आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना आपल्या यंत्राकडून फाइल घेण्यास सांगितले आणि त्यांनी ते निमूटपणे ऐकलेही. अमेरिकी सरकारने डोळे वटारल्यावर पोस्टेल यांनी ती केवळ चाचणी होती असे सांगून सारे पूर्ववत केले. (चाचणी कोणाची होती, हे ज्याने त्याने ठरवावे.) आयकॅनची स्थापना त्याच वर्षी झाली, आणि तिच्यावरील अमेरिकी वाणिज्य खात्याची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली.

तरीही आयकॅन अमेरिकी कायद्याच्या कक्षेत आहे, हा आक्षेप रास्तच आहे. त्याची कसोटी न्यायालयात लागली आहे. दहशतवादी हल्ल्यांच्या पीडितांनी इराणविरुद्ध मिळवलेल्या भरपाईपोटी इराणचे ‘डॉट आयआर’ जप्त करावे, अशी मागणी वॉशिंग्टनमध्ये झाली होती. ती २०१४ मध्ये फेटाळली गेली आणि २०१६ मध्ये अपिलातही टिकली नाही. अशा जप्तीने त्रयस्थांचे व खुद्द नावव्यवस्थेचे नुकसान होईल, हे अपील न्यायालयाने मान्य केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनने रशियाचे ‘डॉट आरयू’ काढून टाकण्याची विनंती केली, तेव्हा आयकॅननेही नकारच दिला.

आता आपल्या नावाबद्दल. डॉट कॉमची नोंदवही, म्हणजे कोणते नाव कोणाचे याची यादी, सांभाळणारी व्हेरीसाइन ही अमेरिकी कंपनी आहे, आणि तेथील न्यायालयाच्या आदेशावरून डॉट कॉम नावे जप्त झाल्याची उदाहरणे आहेत. त्यासाठी आयकॅनला विचारावेही लागत नाही. डॉट इन व देवनागरीतील ‘डॉट भारत’ यांची नोंदवही निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या भारतीय संस्थेकडे आहे, म्हणून तेथे भारतीय न्यायालयांचे आणि सरकारचे आदेश चालतात. आपले वाचक व व्यवहार भारतातच असतील तर डॉट इन घ्यावे. मात्र वाद भारत सरकारशीच होण्याची शक्यता असेल, तर हाच सल्ला उलटा वाचावा.