आग्र्याचे टँकर आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : हवेत इंधन भरणारी विमानं आग्र्याला कशाला? सीमेजवळ ठेवली तर पटकन हाताशी येतील ना?

उलटं आहे राव. टँकर म्हणजे चार इंजिनांचं अवजड धूड, पोटात टनावारी इंधन, शत्रूचं फायटर मागे लागलं तर धड पळताही येत नाही. असला ऐवज सीमेवर उघड्यावर कोण ठेवेल? आग्र्याहून पश्चिमेला जायचं असो की लडाखकडे, दोन्ही आवाक्यात आहे. आपली इल्युशिन-७८ ही टँकर विमानं तिथे २००३ पासून आहेत, ७८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये.

प्रश्न : निघतानाच टाकी फुल का करत नाहीत?

वजनामुळे. लेहचा रनवे दहा हजार फुटांच्याही वर, तिथे हवा विरळ म्हणजे इंजिनाचा जोर कमी आणि पंखांना उचलही कमी, मग फुल टाकी आणि फुल शस्त्रं दोन्ही घेऊन उडता येत नाही. म्हणून इंधन थोडं घेऊन उडायचं आणि बाकीचं वर गेल्यावर टँकरकडून घ्यायचं. लांबच्या पल्ल्याला तर इलाजच नाही. जुलै २०२० मध्ये पहिली पाच राफेल फ्रान्सहून आली तेव्हा वाटेत यूएईतल्या अल धफ्रा हवाई तळावर मुक्काम होता, तरी फ्रेंच टँकरकडून हवेत इंधन घ्यावंच लागलं.

प्रश्न : पाइप जोडणं खरंच इतकं अवघड असतं का?

हो, आणि व्हिडिओत ते कळत नाही. टँकर लांब पाइप सोडतो, टोकाला बास्केट, फायटरने आपला प्रोब, म्हणजे इंधन घ्यायची पुढे आलेली नळी, त्यात घालायचा. नवीन पायलट हमखास बास्केटकडेच टक लावून बघतो आणि तिच्यामागे डुलायला लागतो. बघायचं असतं टँकरकडे, त्याच्या पंखांच्या खुणा धरून आपली जागा पकडायची आणि भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने पुढे सरकायचं. त्यात गंमत अशी की आपल्याच विमानाच्या नाकापुढची हवा ऐनवेळी बास्केटला बाजूला ढकलते. फार हळू गेलात तर व्हॉल्व्ह लॉक होत नाही, जोरात गेलात तर पाइप ढिला पडून त्यात लाट उठते आणि तिच्या फटक्याने प्रोबचं टोक तुटूही शकतं. हे सगळं रात्री, ढगात, टाकी रिकामी होत असताना!

प्रश्न : आपल्या सी-१७ या मालवाहू विमानाला हे टँकर इंधन देऊ शकतात?

नाही. सी-१७ ला इंधन घ्यायची जागा वर पाठीवर आहे, तिथे टँकरच्या शेपटीकडून येणारा कडक दांडा, म्हणजे बूम लागतो, आणि इल्युशिनकडे फक्त पाइप-बास्केट. पण मला विचाराल तर खरी अडचण संख्येची आहे. एवढ्या मोठ्या हवाई दलाला टँकर सहा, तेही जुने, शिवाय सगळे एकाच वेळी उडायच्या स्थितीत नसतातच, यावर कॅगनेही २०१७ मध्ये ताशेरे ओढलेत. मार्च २०२५ मध्ये पायलटांच्या ट्रेनिंगसाठी एक केसी-१३५ हा अमेरिकन टँकर भाड्याने घ्यायचा करार झाला, ठीक आहे, पण विकत घ्यायचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजतंय.

प्रश्न : इंधन मिळत राहिलं तर विमान कितीही वेळ उडेल?

इंधनापुरतं बोलायचं तर हो. १९४९ मध्ये अमेरिकेच्या बी-५० बाँबर विमानाने चार वेळा इंधन घेत ९४ तासांत न थांबता जगाची चक्कर मारली, पण त्यात पाळीपाळीने काम करायला १४ जण होते. फायटरमध्ये माणूस पट्ट्यांनी सीटला बांधलेला, पाय मोकळे करायचीही सोय नाही, इंजिन ऑइल हवेत भरता येत नाही आणि मिसाइल एकदा सुटली की नवीन घ्यायला खाली यावंच लागतं.